उपाशी पेशींची साक्ष

हजेरीच्या यादीत तिचं आडनाव वेगळंच होतं, पण त्या इमारतीत तिला सगळे उपासकर बाई म्हणत. गंमत अशी की बाईनं जन्मात एक उपास धड पार पाडलेला नव्हता. सकाळी दहाला तिला भूक लागायची, साडेअकराला पुन्हा लागायची, आणि भूक लागली की ती समोर येईल त्याच्याशी भांडायची. उपाशी राहायच्या त्या तिच्या पेशी. त्यांना उपाशी ठेवणं हेच तिचं गेल्या बावीस वर्षांचं काम होतं, आणि त्या कामात ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती.

इमारत तीन मजली. तळमजल्यावर छापखाना, मधल्या मजल्यावर एका वकिलाचं बंद कार्यालय आणि सगळ्यात वर ही कंपनी. चौदा माणसं, दोन थंड खोल्या, आणि सदा ओला असलेला जिना. वर काय बनतं ते छापखान्यातल्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं अत्तर. बनायचे ग्रोथ फॅक्टर. माणसाला जखम झाली की शरीरात आतल्या आत निरोप फिरतात, की वाढा रे बाबांनो, खड्डा बुजवा. हे निरोप म्हणजेच ती प्रथिनं. त्यांची कृती माणसाच्या पेशीतून उचलायची आणि जिवाणूच्या पोटात ठेवायची. बिचारा जिवाणू आपलं समजून बनवत बसतो. मग त्याला फोडायचं, प्रथिन गाळून घ्यायचं, गोठवून सुकवायचं आणि कुप्यांत बंद करून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना पाठवायचं. हे औषध नव्हे, माणसाला टोचायचं तर मुळीच नव्हे. काचेच्या ताटलीत पेशी वाढवून जे लोक डोकं खपवतात, त्यांच्यासाठी हा सगळा उद्योग.

एका कुपीत माल किती? मिठाच्या एका कणाहून कमी. त्यामुळे महिन्याला एकदा तरी नव्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा, ‘अहो, कुपी रिकामी आली!’ बाई शांतपणे सांगायची, ‘रिकामी नाही हो. झाकण उघडायच्या आधी यंत्रात फिरवून घ्या, वर चिकटलेलं खाली येईल. आणि जोरात हलवू नका, ते काही खोकल्याचं औषध नाही.’

तर अशा न दिसणाऱ्या मालाची परीक्षा करायची कशी? माल नुसता असून भागत नाही, तो जिवंत पाहिजे. उन्हात राहिलेला, वितळलेला, मार खाल्लेला ग्रोथ फॅक्टर वजनात तेवढाच भरतो. पण पेशीला त्याचा निरोप कळत नाही. म्हणून शेवटी पेशीलाच विचारावं लागतं. उंदराच्या कातडीखालच्या पेशी घ्यायच्या, छोट्या छोट्या खळग्यांच्या ताटलीत पसरायच्या, त्यांना नमुना पाजायचा, आणि तीन दिवसांनी एक रंग टाकायचा. पेशी वाढल्या असतील तर खळगा गर्द जांभळा होतो. नसतील तर फिका राहतो.

आता यात खोच आहे. या पेशी एरवी सीरमवर पोसलेल्या असतात. सीरम म्हणजे वासराच्या रक्तातलं पिवळसर पाणी, आणि त्यात दुनियेतले सगळे निरोप आधीच ठासून भरलेले असतात. सीरम मिळालं की पेशी वाढतात म्हणजे वाढतात. मग तुम्ही वरून नमुना पाजा नाहीतर पाणी पाजा. म्हणून परीक्षेआधी सीरम धुऊन काढायचं आणि पेशींना एक दिवस उपाशी ठेवायचं. कंपनी ज्यांनी काढली ते म्हातारे डॉक्टर म्हणायचे, ‘पोट भरलेल्याला पक्वान्नाची चव कळत नाही. भुकेल्याला कोंड्याचीसुद्धा कळते. साक्ष घ्यायची ती भुकेल्याची घ्यावी.’

डॉक्टरांनीच तिला हे काम शिकवलं. ती आली होती काचसामान धुवायला, दहावी पास, हातात बांगड्या आणि जिभेवर निखारा. तिसऱ्या आठवड्यात तिनं डॉक्टरांना ऐकवलं, की तुमच्या शिकलेल्या माणसांपेक्षा मी धुतलेल्या बाटल्यांत पेशी जास्त दिवस जगतात, विचारा का. डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, ‘साबण जातो तोवर मी धुते. ते जेवायची वेळ होते तोवर धुतात.’ दुसऱ्या दिवसापासून ती पेशींच्या खोलीत.

तिचाही हात एकदाच चुकला, नऊ वर्षांपूर्वी. घरी नवरा शेवटच्या आजारात होता, रात्ररात्र जागरण, आणि एका ताटलीतलं सीरम धुवायचं राहिलं. पेशी पोटभर जेवलेल्याच राहिल्या, सगळे खळगे जांभळे झाले, आणि मेलेला माल तिच्या सहीनं पास होऊन गेला. आठ महिन्यांनी कुठल्याशा विद्यार्थ्याचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘आठ महिने झाले, पेशी वाढतच नाहीत. बाई, माझं कुठं चुकतंय?’

‘तुमचं नाही, माझं,’ ती म्हणाली आणि फोन ठेवून जिन्यात जाऊन रडली. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. तपासणीच्या प्रमाणपत्रावर तिनं डॉक्टरांकडून एक ओळ वाढवून घेतली, ‘पेशी किती तास उपाशी?’, आणि त्या ओळीपुढे आकडा लिहिल्याशिवाय कधी सही केली नाही.

पुढे डॉक्टर थकले आणि कंपनी पुतण्याच्या हाती देऊन मुलीकडे राहायला गेले. पुतण्या काही वाईट माणूस नव्हता. कपडे नेटके, बोलणं गोड, कुणाला अरेतुरे नाही. पण त्याला कुठल्याही कामाला लागणारा वेळ हा त्याचा वैयक्तिक अपमान वाटायचा. आठवड्याभरात त्याचं नाव झटपटराव पडलं. नाव कुणी पाडलं हे सांगायची गरज नाही. बाईची जीभ सगळ्यांना ठाऊक होती.

झटपटरावांनी पहिल्या महिन्यात चहाची सुट्टी कमी केली. दुसऱ्या महिन्यात त्यांची नजर पेशींवर गेली.

‘बाई, हा उपासाचा एक दिवस आणि पुढचे तीन. चार दिवस माल अडकून पडतो. पेशींना सीरममध्येच ठेवून नमुना दिला तर दोन दिवसांत रंग येतो. मी करून बघितलंय. छान येतो.’

‘छान येणारच साहेब. पाणी घातलं तरी छान येईल.’

‘असं काही नसतं.’

‘असंच असतं.’

गोड माणसांची एक खोड असते. वाद हरायला लागले की ते विषय बंद करतात आणि त्यालाच निर्णय म्हणतात. झटपटरावांनी निर्णय घेतला. बाई मात्र आपली ताटली आपल्या पद्धतीनं लावत राहिली, आणि काही दिवस दोन्ही गाडे शेजारीशेजारी चालले.

त्याच सुमारास एका जुन्या गिऱ्हाइकाचा, एका संशोधक बाईंचा फोन आला. त्या भाजलेल्या कातडीवर काम करायच्या. एका रुग्णानं शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या कातडीचा नखाएवढा तुकडा त्यांच्या संशोधनासाठी दिला होता, त्यातून त्यांनी पेशी काढून जपल्या होत्या. तो रुग्ण आता हयात नव्हता.

‘पेशी एकाच प्रयोगापुरत्या आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या नव्या मालाची वाट बघतेय. पार्सल येत्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी दुपारपर्यंत आलं की त्याच दिवशी सुरू करणार. बाई, तुम्ही उपाशी ठेवूनच तपासता ना अजून?’

‘मी आहे तोवर तसंच,’ उपासकर बाई म्हणाली. ‘माझा शब्द धरा.’

तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिच्याइतकंच समोरचीलाही माहीत होतं. नऊ वर्षांत या संशोधक बाईंनी दुसरीकडून एक कुपी मागवली नव्हती.

आणि नेमका त्याच मालावर घाला आला. सुकवणीच्या यंत्रात कुप्या गोठलेल्या असताना शुक्रवारी पंप बंद पडला. शनिवारी सकाळी कुणीतरी यंत्र बघायला आलं तर आतलं सगळं वितळून कोमट झालेलं. झटपटरावांनी पंप दुरुस्त करून यंत्र तसंच पुन्हा सुरू करायला लावलं. ज्या कुप्या बाहेर आल्या त्यांच्या तळाशी नेहमीचा पातळ पांढरा पापुद्रा नव्हता, एक चिकट डाग होता. हा ग्रोथ फॅक्टर भारी नाजूक. थंडीत वर्षभर टिकेल, पण अशा उबेत एक रात्र काढली की खेळ खलास.

झटपटरावांनी आपल्या झटपट पद्धतीनं तो तपासून घेतला. मंगळवारी सकाळी सगळे खळगे गर्द जांभळे. त्यांनी प्रमाणपत्र बाईपुढे सरकवलं. नवा छापील कागद होता. उपासाची ओळ गायब.

‘सही करा बाई.’

‘नाही करणार.’

‘का?’

‘पंप बंद पडला होता. माल उबला. आणि ही तपासणी म्हणजे तपासणी नाही.’

‘रंग तर समोर दिसतोय.’

‘रंग सीरमचा आहे साहेब. दुसऱ्याच्या जेवणावर तुम्ही ढेकर देताय.’

खोलीतले दोघेतिघे खाली बघून हसले. झटपटराव लाल झाले. बाईनं खिशातून दोन कुप्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीवर क, एकीवर ख.

‘एकीत जुना खात्रीचा माल आहे, एकीत नाही. तुमच्या पद्धतीनं, तुमच्या हातानं लावा. कुठली कुठली ते गुरुवारी तुमचा रंगच सांगेल की.’

सगळ्यांसमोर नाही म्हणणं झटपटरावांना जमलं नाही. त्यांनी लावलं. गुरुवारी सकाळी ताटली बाहेर काढली तेव्हा अख्खी कंपनी काही ना काही निमित्तानं त्या खोलीत होती. क जांभळा. खसुद्धा जांभळा. डावंउजवं करायला जागा नाही.

‘दोन्ही उत्तम,’ झटपटराव म्हणाले.

‘ख म्हणजे मिठाचं पाणी,’ बाई म्हणाली. ‘लिहा प्रमाणपत्र. मी पत्ता देते, पाठवा कुणाला तरी.’

खरं तर तिथेच विषय संपायला हवा होता. शहाणा माणूस हसला असता, कपाळावर हात मारला असता, आणि पंपाला शिव्या देऊन नवा माल बनवायला घेतला असता. पण हात दाखवून अवलक्षण झालं होतं, आणि तेही चौदा जणांसमोर. झटपटरावांचा गोडवा त्या दिवशी पहिल्यांदा आटला. हा घातपात आहे, ते म्हणाले. वरिष्ठांना फसवून चाचणीत पाणी मिसळणं ही शिस्त नाही. लेखी माफी मिळेपर्यंत बाईंनी तपासणीला हात लावायचा नाही. तोवर धुण्याच्या खोलीत काम करायचं.

‘करते की,’ बाई म्हणाली. ‘तिथली बाटली निदान स्वच्छ असली तरच स्वच्छ म्हणतात.’

धुण्याच्या खोलीत जाऊन तिनं बाह्या सरसावल्या. पण डोकं पेटलेलं होतं. तिला माफी मागायची नव्हती, रडायचं नव्हतं, आणि धुसफुसत बसायचं तर मुळीच नव्हतं. तिला साक्ष हवी होती. जेवणाच्या सुट्टीत ती सरळ पेशींच्या खोलीत गेली. आत येऊ नका असं तिला कुणी लेखी दिलेलं नव्हतं. तिनं एका ताटलीतलं सीरम धुतलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि पेशी उपाशी ठेवल्या. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. झाकणावर तिनं ठसठशीत अक्षरात वार लिहिला, वेळ लिहिली आणि खाली सूचना लिहिली, ‘या पेशी उपाशी आहेत. कुणी दया दाखवू नये.’ शुक्रवारी दुपारी तिनं त्यांना तीन गोष्टी पाजल्या. काही खळग्यांना जुना खात्रीचा माल, काहींना मिठाचं पाणी, आणि उरलेल्यांना तो उबलेला नवा माल. आता सोमवारी सकाळी रंग.

शुक्रवारीच संध्याकाळी गाळणीदादा धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. प्रथिन गाळायचं काम त्याचं, बारा वर्षं तो बाईच्या शेजारी बसून डबा खात आला होता. नाकासमोर चालणारा, घरात आजारी आई, दोन मुली.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘सही मी केली. पार्सल गेलं.’

तिनं नळ बंद केला. हातातून पाणी गळत होतं.

‘साहेब म्हणाले, तू नाही केलीस तर तूही बाटल्या धू. मला बोला बाई. काहीतरी बोला.’

तिला बोलायचं होतं. जिभेवर इतकं आलं होतं की गाळणीदादा जन्मभर विसरला नसता. पण त्याच्याकडे बघितलं आणि राग फुकट गेला.

‘माझी ताटली कुणाला टाकू देऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘सोमवारपर्यंत. एवढं कर.’

घरी तिच्या सोबतीला एकच माणूस होतं, तिची थोरली नणंद. नवरा गेल्यावर दोघींनी एकच चूल केली होती. वन्संनी आयुष्यभर न्यायालयात टंकलेखनाचं काम केलेलं, हजारो साक्षीदार त्यांच्या बोटांखालून गेलेले. त्यामुळे त्यांना दुनियेत साक्षीदार दोनच प्रकारचे दिसायचे, खरे आणि पढवलेले. बाईनं सगळा प्रकार सांगितला. वन्संनी चष्मा कपाळावर चढवला.

‘मग आत्ता फोन कर त्या बाईला. बसलीस काय?’

‘काय सांगू वन्सं? पंप बंद पडला होता, माल बहुतेक मेला असेल? त्या म्हणतील साहेबानं बाटल्या धुवायला बसवलं म्हणून ही जळतेय.’

‘जळतेसच की.’

‘जळतेच! पण माझ्या जळण्यावर त्यांनी का विश्वास ठेवायचा? आणि समजा माल जिवंतच निघाला, तर? मी चुकीची निघाले तर?’

वन्संनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ‘पार्सल कधी पोचतं?’

‘सोमवारी दुपारी. त्या लगेच सुरू करणार. माझा रंग सकाळी अकराला.’

‘म्हणजे फार तर दोन तास मिळतात तुला.’ वन्संनी मान डोलावली. ‘असू दे. मी न्यायालयात एवढे बडबडे बघितले. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की बाकी सगळ्यांची तोंडं आपोआप मिटतात. थांब सोमवारपर्यंत. पण एक सांगते, नोकरी जाईल हो तुझी.’

‘जाऊ दे.’

‘एक्कावन्नाव्या वर्षी? दहावी पास बाईला कोण घेणार दुसरीकडे?’

‘कुणी नाही घेणार. म्हणूनच तर भीती वाटतेय,’ बाई म्हणाली. ‘वाटतेय वन्सं. फार वाटतेय. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज हा माल गेला, उद्या प्रत्येक जाईल. पाण्याच्या कुप्या विकतील नि वर माझ्या नावाची पुण्याई सांगतील.’

वन्संनी तिच्या ताटात आणखी वाढलं. त्या दोघींमध्ये प्रेम व्यक्त करायची हीच रीत होती.

शनिवार-रविवार बाईनं घर इतकं घासलं की वन्सं म्हणाल्या, आता मलाही धुऊन वाळत घाल. सोमवारी सात वाजता ती कंपनीत हजर. पेशींच्या खोलीतल्या उबेच्या कपाटात पुढच्या फळीवर तिची ताटली नव्हती. तिनं फळीवरची एकेक ताटली उचलून झाकण वाचलं. तेवढ्यात मागून गाळणीदादा म्हणाला, ‘खालच्या फळीवर, मागे. शनिवारी साहेब म्हणाले फेकून दे. मी हो म्हणालो.’ बारा वर्षांत त्या माणसानं वरिष्ठांचा मोडलेला हा पहिला हुकूम.

तिनं रंग टाकला आणि घड्याळासमोर बसून राहिली. आठ, नऊ, दहा. अकराला ताटली काढून तिनं खिडकीशी धरली.

खात्रीच्या मालाचे खळगे जांभळे, गर्द, वांग्याच्या सालीसारखे. मिठाच्या पाण्याचे फिके. आणि नव्या मालाचे, एक नाही, दोन नाही, सगळेच्या सगळे पाण्याइतकेच फिके. गाळणीदादानं तिच्या खांद्यावरून बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाईला आनंद झाला नाही. आपण बरोबर निघालो याचा आनंद होईल असं तिला तीन दिवस वाटत होतं. पण प्रत्यक्षात समोर मेलेला माल होता, तिच्या माणसांनी सहा आठवडे राबून बनवलेला.

ती ताटली घेऊन सरळ झटपटरावांच्या खोलीत गेली. गाळणीदादा मागोमाग येऊन दारात थांबला.

‘साहेब, बघा.’

झटपटरावांनी बघितलं. त्यांना कळलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होती, कळलेलं तिला दिसलं.

‘फोन तुम्ही करा,’ ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘सांगा, चूक झाली, पार्सल उघडू नका, नवीन माल पाठवतो. मी कुणापाशी अक्षर काढणार नाही. मान तुमचा राहील. मी बाटल्या धुवेन, वर्षभर धुवेन. पण फोन करा. त्या बाईंच्या पेशी एकाच वेळेपुरत्या आहेत, आणि ज्याच्या होत्या तो माणूस आता पुन्हा द्यायला येणार नाही.’

झटपटराव खुर्चीत मागे रेलले. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. एक क्षण वाटलं की करतील.

‘पार्सल गेलंय,’ ते म्हणाले. ‘प्रमाणपत्र सोबत आहे. नियमाप्रमाणे आहे. विषय संपला. आणि बाई, इथून कुणी परस्पर फोन केला, तर त्या माणसानं उद्यापासून यायचं नाही. हे मात्र मी लेखी द्यायला तयार आहे.’

‘द्या,’ बाई म्हणाली.

तिनं ताटली त्यांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवली आणि त्यांच्याच फोनचा रिसीव्हर उचलला. नंबर तिला पाठ होता. झटपटरावांचा हात फोनकडे सरकला. दारात गाळणीदादा होता, त्याच्या मागे आता आणखी चारपाच चेहरे होते. हात अर्ध्यात थांबला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग संशोधक बाईंचा धापा टाकणारा आवाज आला.

‘कोण? जरा थांबाल का? तुमचंच पार्सल आत्ता आलंय, मी पेशी बाहेर काढतेच आहे—’

‘काढू नका!’ बाई इतक्या जोरात म्हणाली की झटपटराव दचकले. ‘परत आत ठेवा. ऐकताय? आधी आत ठेवा, मग बोला.’

पलीकडे पावलं, दार उघडल्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज. मग धास्तावलेला प्रश्न, ‘ठेवल्या. काय झालं?’

‘माल मेलेला आहे. तपासताना पेशी उपाशी ठेवल्या नव्हत्या. मी ठेवून बघितलं. पाण्यात आणि त्याच्यात काही फरक नाही. तुम्हाला दिलेला शब्द मला पाळता आला नाही.’

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत संशोधक बाई म्हणाल्या, ‘पण प्रमाणपत्र तर आहे. मला हे वर कळवावं लागेल, तक्रार करावी लागेल. ते विचारतील कुणी सांगितलं. तुम्हाला त्रास होईल बाई. मी लिहीन की निनावी फोन आला होता.’

झटपटराव तिच्या तोंडाकडे बघत होते. 

‘निनावी कशाला?’ ती म्हणाली. ‘मला बावीस वर्षांचं नाव आहे. कागद घेतलात?’ आणि तिनं आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. ‘लिहिलंत सगळं? आता मला वाचून दाखवा.’